जंबो बॅग भरायला सोपी कशी करून घ्यायची? (सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतून)

चिंचोळीवाला

नमस्कार मंडळी. विषय धंद्यातला आहे पण इथे कारखान्यातले, गोदामातले, शिलाईतले सगळेच लोक आहेत म्हणून इथेच विचारतोय. आमच्याकडे डिस्टिलरीच्या बॉयलरची राख येते, स्पेंटवॉश म्हणजे मळीचं सांडपाणी जाळून जी पोटॅशवाली राख मिळते ती. पीडीएम (मळीपासून मिळालेलं पोटॅश) नावाने खत म्हणून विकायची तर त्यात पोटॅश १४.५ टक्के लागतं. आम्ही ती चाळतो, जंबो बॅगेत म्हणजे टनभर मालाच्या विणलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत भरतो आणि पुढे मिक्सिंगवाल्यांना पाठवतो. बॅग ९० बाय ९० बाय १२० सेंटिमीटरची, वरून पूर्ण उघडी, आत प्लास्टिकचा सुटा लायनर म्हणजे अस्तराची पिशवी, चार कोपऱ्यांना चार पट्टे.

आता त्रास ऐका. एक बॅग भरायला तीन माणसं गुंततात, एकजण पट्टे हूकला अडकवतो आणि दोघं तोंड धरून उभी. राख पडायला लागली की आतली हवा उसळून वर येते आणि सगळी धूळ त्या दोघांच्या तोंडावर, डोळे झोंबतात, चष्मा लावला तरी कडेने आत जाते. एक टनाची बॅग म्हणून घेतली पण साडेसातशे-आठशे किलोलाच काठापर्यंत येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर माल वीतभर खाली बसलेला. कोपरे मोकळे, मध्ये ढीग, त्यामुळे बॅग एका अंगाला कलते. बॅगवाला म्हणतो जाड कापड घ्या. जीएसएम (चौरस मीटरला कापडाचं वजन किती ग्रॅम ते) वाढवून भरणं सोपं कसं होणार हे काही मला पटत नाही.

माझं मत असं की बॅग भरणाऱ्याच्या हिशोबाने बनली पाहिजे. आपण किलोचा दर बघून बॅग घेतो आणि पोरं वर्षभर धूळ खातात. कुणी तोंड, पट्टे, लायनर बदलून घेतलंय का? काय फरक पडला?

बार्शीलाइट

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार प्रकाश टाकतीलच.

रेवती_खरेदीविभाग

चिंचोळीवाले दादा, सगळ्यात आधी तोंड बदला. उघड्या तोंडाची बॅग दाणेदार मालाला ठीक, पीठासारख्या मालाला नाही. वर शिवलेली नळी असलेली बॅग घ्या, म्हणजे फिलिंग स्पाउट. साधारण ३५ ते ४० सेमी व्यासाची आणि अर्धा मीटर लांबीची नळी सर्रास मिळते. बॅगेची नळी मशीनच्या पाइपवर चढवायची, पट्ट्याने आवळायची, झालं. तोंड धरायला दोन माणसं लागतच नाहीत.

पण इथेच लोक फसतात. नळीचा व्यास बॅगवाल्याला विचारून ठरवायचा नाही, आपल्या मशीनचा पाइप मोजून ठरवायचा. आमच्या पाइपवर फुगणारी रबरी कफ आहे. कफ रिकामी असताना बॅगेची नळी तिच्यावरून सहज सरकली पाहिजे आणि कफ फुगल्यावर नळीचं कापड ताणून गच्च बसलं पाहिजे. नळी फार मोठी असली तर कफ फुगूनही कापडाला चुण्या राहतात आणि प्रत्येक चुणीतून धूळ बाहेर. फार लहान असली तर पोरगा चढवताना हैराण होतो, घाईत ओढतो आणि नळीची शिलाई उसवते. आम्ही नवीन बॅगेची ऑर्डर देताना पाइपचं मोजमाप लिहून देतो आणि नमुन्याची एक बॅग आधी मागवतो, ती खरेदीतल्या कुणी नाही तर भरणाऱ्या माणसाने चढवून बघायची.

नळीची लांबी पण बघा. आखूड नळी चढते पण नंतर बांधता येत नाही. पिळून, दुमडून, नाडी बांधायची म्हटली तर हाताला पुरेसं कापड लागतं.

साखरगोडाऊन

रेवतीताईंशी थोडा असहमत. आमच्याकडे साखर भरतात, तोंड उघडंच बरं. साखर पाण्यासारखी पडते, धूळ बेताची, आणि माल आत काय चाललाय ते डोळ्याने दिसतं. नळी चढवा, आवळा, परत सोडा, बांधा, यात वेळ जातो. सीझनला कारखाना रात्रंदिवस चालू असतो तेव्हा हा वेळ परवडत नाही. शिवाय साखरेचा जास्तीत जास्त माल ५० किलोच्याच पोत्यात जातो, त्यात १९८७ च्या कायद्याने २० टक्के साखर तागाच्या पोत्यात द्यायची असते, त्यामुळे जंबोवर एवढा खर्च कोण करणार.

रेवती_खरेदीविभाग

साखरगोडाऊन, दाणेदार साखरेला तुमचं बरोबर आहे, मी पण तेच म्हटलं. पण पिठीसाखर भरून बघा उघड्या तोंडाने. दोन्हीच्या मधला मार्गही आहे, वरून पूर्ण उघडी पण काठाला झालरीसारखं मोठं कापड शिवलेलं, त्याला डफल म्हणतात. भरताना झालर पाइपभोवती गोळा करायची, भरल्यावर दोरीने आवळायची. तुम्हाला ते जमेल.

मास्तर_पूर्वभाग

मी आधी चादरीच्या लूमवर होतो, आता जंबो बॅगच्या युनिटात शिलाई बघतो. मालक, तुमचा बॅगवाला जाड कापड सांगालाय कारण त्याला तेवढंच विकता येतं. कापड १६० जीएसएम घ्या का १८० घ्या, राख कापडातून नाही गळत, शिलाईतून गळते. सुईचं भोक बगा कधी उजेडात धरून. बारीक पावडरला तेवढं भोक म्हणजे उघडा दरवाजा. त्याला उपाय आहे, शिवताना शिलाईच्या रेघेत मऊ दोरी घालायची, सुई त्या दोरीतून जाते आणि दोरी फुगून भोक बंद करते. ऑर्डरीत लिहा की दोरी घालून शिलाई पायजे म्हणून. नाही लिहिलं तर कुणी घालत नाही, दोरीचे पैसे लागतात की ओ.

दुसरं, गोल विणलेली बॅग मागा. गोल लूमवर अख्खी नळीच निघते, उभी शिलाई नसतेच, म्हणजे गळायची चार जागा कमी. चौकोनी तुकडे जोडून केलेली बॅग दिसायला नीट उभी राहते पण शिलाई जास्त.

आणि पट्टे. हे मी जरा सविस्तर सांगतो कारण भरणाऱ्याचा अर्धा त्रास इथंच आहे. साध्या बॅगेला पट्टा कोपऱ्याच्या शिलाईतच शिवतात. रिकामी बॅग लटकवताना तो पट्टा चपटा पडून राहतो, कापडाला चिकटल्यागत. पोरगा एका हातानं बॅग धरतो, दुसऱ्या हातानं पट्टा उचकटतो, मग हूकात घालतो, तोवर दुसरा पट्टा निसटतो. आता पट्ट्याचं एक टोक कोपऱ्याच्या अलीकडं आणि दुसरं टोक पलीकडच्या बाजूला शिवलं तर तो कोपऱ्यावर आडवा येतो आणि कमान करून उभा राहतो, उघडा. हूक नुसता आत जातो, फोर्कलिफ्टचं सळईचं पातं पण एकट्या ड्रायव्हरला घालता येतं, खाली माणूस उभा करायची गरज नाही. याला क्रॉस कॉर्नर म्हणतात. गोल विणलेल्या बॅगेला हेच शोभतं कारण तिथं कोपऱ्यात शिलाईच नसते. पट्ट्याची उंची पण बोलून घ्या, वीतभर आखूड पट्टा असला की हूकवाल्याला टाचा वर करून उभं राहावं लागतं.

दक्षिण_सोलापूर

मास्तर, पट्ट्याचं अगदी पटलं. आमच्याकडे पट्टा कापडाच्याच रंगाचा, पांढऱ्यावर पांढरा, रात्रपाळीला दिसत नाही. निळे पट्टे मागवले तेव्हापासून पोरांची कटकट थांबली. पैसा एक जास्त नाही लागला.

शेंगाचटणी_प्रेमी

धाग्याचं नाव बघून वाटलं शेंगाचटणीची मोठी पिशवी मिळायला लागली की काय. आलोच आहे तर वाचतो. चांगली माहिती येतेय, चालू द्या.

हायवे६५

गाडीवाल्याची बाजू सांगतो. कललेली बॅग आम्हाला नको असते. टेंभुर्णीपर्यंत ठीक, पुढे एक जोरात ब्रेक मारला की शेजारच्या बॅगेवर झोपते, तिचा पट्टा दबतो आणि उतरवताना निघत नाही. आणि फुगते किती बघा. ९० बाय ९० ची बॅग म्हणजे घेर ३६० सेमी. भरल्यावर ती गोल होते, ३६० ला ३.१४ ने भागा, जवळजवळ ११५ सेमी व्यास. कंटेनर आतून २३५ सेमी रुंद, दोन बॅगा शेजारी ठेवल्या की २३०, म्हणजे हात घालायला जागा नाही. ९० ची बॅग म्हणून दोन ओळींचा हिशोब मांडतात आणि लोड करताना भांडणं आमच्याशी.

हवापाणी

मूळ प्रश्नाकडे येतो. चिंचोळीवाले, तुमच्या तीन तक्रारी आहेत, धूळ, वजन न मावणं, कोपरे रिकामे. तिन्हीच्या मुळाशी हवा आहे.

बॅगेत साधारण एक घनमीटर माल जातो म्हणजे एक घनमीटर हवा बाहेर यायलाच पाहिजे. दोन मिनिटांत बॅग भरली तर तासाला ३० घनमीटरच्या वेगाने हवा बाहेर पडतेय, वर राख पडताना स्वतःबरोबर हवा ओढून आणते ती वेगळीच. साधं विणलेलं कापड थोडा श्वास घेतं. पण तुमच्या बॅगेत लायनर आहे, त्यातून हवेला वाट नाही. मग ती एकाच ठिकाणाहून निघणार, तोंडातून, धूळ घेऊन. लायनर काढा असं मी म्हणणार नाही, पोटॅशची राख ओल धरते, पावसाळ्यात दगड होईल. उपाय म्हणजे भरण्याचा पाइप दुहेरी करायचा. आतल्या पाइपातून माल खाली, बाहेरच्या फटीतून हवा वर, आणि ती फट डस्ट कलेक्टरला जोडायची. रेवतीताईंची आवळलेली नळी याच्याबरोबरच काम करते. नळी आवळली आणि हवेला दुसरी वाट दिली नाही तर बॅग फुग्यासारखी ताणेल, माल पडायचा थांबेल.

दुसरी गोष्ट, भरण्याआधी ब्लोअरने बॅग फुगवून घ्या. काही सेकंदांचं काम. सुटा लायनर आत घड्या पडून बसलेला असतो, कोपऱ्यात तर हमखास. त्या घडीवर माल पडला की घडी तिथेच दबून राहते, कोपरा मेला. आधी फुगवला की लायनर भिंतीला चिकटतो, तळ सपाट होतो. बॅगवाल्याला सांगा लायनर बॅगेपेक्षा थोडा मोठा हवा म्हणजे ताण कापडावर येईल, लायनर फाटणार नाही, आणि तो वर नळीला आणि खाली तळाला पकडून द्या. जास्त पैसे असतील तर बॅगेच्या आकारात कापलेला लायनर मिळतो, त्याला घड्याच पडत नाहीत.

आता वजन. तुमच्याकडे २० लिटरची बादली असेलच. राख हलक्या हाताने काठोकाठ भरा, वरून फळी फिरवा, वजन करा. मग बादली फरशीवर हलकेच आपटत राहा जोवर माल खाली बसायचा थांबत नाही, आणि किती बोटं उतरला ते मोजा. हे दोन आकडे हातात असल्याशिवाय बॅगेचं माप ठरवू नका.

जुना_मुकादम

एक बोलू का. तुम्ही सगळे तीन माणसांचा एक माणूस कसा होईल ते बोलताय. आमच्या काळात शंभर किलोची पोती होती, पाठी गेल्या लोकांच्या, ते परत यावं असं कुणी म्हणणार नाही. पण जंबो आली तेव्हा टोळ्याच्या टोळ्या घरी बसल्या हे पण मी पाहिलंय. १९६९ चा माथाडी कायदा आपल्याकडे उगाच नाही झाला. बॅग सोपी करा, जरूर करा, पण मोकळे झालेले दोन हात कुठे लावणार ते पण ठरवा.

चिंचोळीवाला

मुकादम काका, रास्त बोललात. आमच्याकडे चाळणीवर आणि पॅलेट बांधायला माणूस कायम कमी असतो, ते दोघं तिकडे जातील. काम काढून घेणार नाही, धुळीतून बाहेर काढणार. हे मी इथे लिहून देतो.

हवापाणी साहेब, बादली केली. सैल भरली तर २० लिटरला १५ किलो. आपटून आपटून १६ लिटरच्या खुणेवर थांबली.

हवापाणी

झालं की मग. सैल राख लिटरला पाऊण किलो, बसलेली ०.९४ च्या आसपास. एक टन सैल राखेला १३३० लिटर जागा लागते आणि बसलेल्या राखेला १०६५. तुमची बॅग सरळ मापाने ९७२ लिटर, फुगल्यावर त्याहून बरीच जास्त. म्हणजे माल भरतानाच बसवला तर हीच बॅग टनाला पुरते. उंच बॅग घेऊ नका, तो मोह होतो. उंची तळाच्या दुपटीच्या आतच ठेवायची असते आणि तुमचा माल तर भरताना पाण्यासारखा वाहतो, उंच बॅग नक्की कलणार.

बसवायला खाली व्हायब्रेटर टेबल लावा. बॅग अधांतरी लटकत असली तर टेबल कितीही हलवा, मालापर्यंत काही पोचत नाही. पट्टे सैल करून बॅगेचा तळ टेबलावर पूर्ण टेकला पाहिजे, थोडं भरायचं, हलवायचं, परत भरायचं. अति पण हलवू नका, घट्ट झालेली राख समोरच्याला खाली करताना निघणार नाही.

बार्शीलाइट

रुमाल उचलला. बॅफलवाली बॅग कुणी सांगितली नाही अजून. आतून चार कोपऱ्यांना आडव्या कापडी पट्ट्या शिवलेल्या असतात, त्यांना भोकं असतात, बॅग फुगतच नाही, चौकोनी राहते. हायवे६५ चं ११५ सेमीचं दुखणं मिटेल.

मास्तर_पूर्वभाग

मिटेल पण भरायला त्रास वाढेल. माल त्या भोकांतून कोपऱ्यात जायला पायजे. दाणेदार खत जातं, डाळ जाते. ओल धरणारी राख भोकापाशी अडकून बसेल. आणि सुटा लायनर बॅफलच्या आतच राहतो, कोपऱ्यात पोचतच नाही, त्याला बॅफलला जोडलेला लायनर लागतो, तो महाग. यांच्या मालाला मी नाही सांगणार.

सेफ्टी_ताई

धुळीवर एवढं बोललात म्हणून सांगते. राख पेटत नाही, पण हाच धागा वाचून कुणी पिठीसाखर, पीठ किंवा गंधक भरायला घेईल. साखर कारखान्यात गंधक असतोच. कोरडा माल वेगाने पाइपातून पडताना स्थिर वीज तयार होते आणि साध्या बॅगेवर साठते. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जॉर्जियामधल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, १४ माणसं गेली. तिथे कारण जंबो बॅग नव्हतं, पण साखरेची धूळ काय करू शकते ते कळावं म्हणून सांगितलं. बॅगांचे ए, बी, सी, डी असे प्रकार असतात. ए म्हणजे काहीच संरक्षण नाही. सी म्हणजे आत वाहक धागे, ती भरताना अर्थिंगला जोडायलाच हवी, क्लिप लावायची राहिली तर ती साध्या बॅगेपेक्षा धोक्याची. डी ला अर्थिंग लागत नाही. जळणाऱ्या मालाला कुठली बॅग आणि कुठला लायनर हे जाणकाराकडून लिहून घ्या.

आणि लटकलेल्या बॅगेखाली कुणीही हात घालायचा नाही. बॅगेवरचं लेबल वाचा, ५:१ लिहिलेली बॅग एकदाच वापरायची. एक टनाची बॅग चाचणीत पाच टन पेलते याचा अर्थ दीड टन भरावं असा होत नाही.

कांदा_लासोना

आमच्या कांद्याला अशी काही बॅग आहे का? मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलून उचलून जीव जातो.

हवापाणी

आहे. जाळीच्या पट्ट्या विणलेली हवेशीर जंबो बॅग असते, बटाट्या-कांद्यालाच. तिथे धूळ नाही, पण माल उंचावरून आपटता कामा नये. बॅग वर उचलून तळ पट्ट्याजवळ आणायचा आणि भरत जाईल तशी खाली सोडायची. वेगळा धागा काढा, इथे राख चाललीय.

चिंचोळीवाला

मंडळी, आज बॅगवाल्याला बोलावून तुमच्या सगळ्यांचं वाचून दाखवलं. आधी कुरकुरला, मग वही काढली. गोल विणलेली बॅग, तळ तोच ९० चा, उंची १२० च. वर नळी आमच्या पाइपच्या मापाची, अर्धा मीटर लांब. शिलाईत दोरी. क्रॉस कॉर्नर पट्टे निळ्या रंगाचे, ३० सेमी उंच. लायनर वर-खाली पकडलेला. नमुन्याच्या काही बॅगा आधी येतील, त्या आमच्या पट्टे अडकवणाऱ्या पोराच्या हातात देणार, त्याने हो म्हटल्याशिवाय ऑर्डर नाही. पाइप दुहेरी करायला फॅब्रिकेटर उद्या माप घ्यायला येतोय. व्हायब्रेटर टेबल पुढच्या महिन्यात, तोवर एवढंच. कापड मात्र १६० च ठेवलं, हिशोबात बसलं.

रेवती_खरेदीविभाग

छान. १६० ला एक टनासाठी ५:१ चा चाचणी अहवाल बॅगवाल्याकडून लेखी घ्या, नुसतं हो म्हणाला म्हणून सोडू नका. आणि खालच्या तोंडाचं ठरलं का? समोरचा बॅग रिकामी कशी करतो ते विचारलंत का?

चिंचोळीवाला

विचारलं ताई. तो आत्तापर्यंत तळ चाकूने फाडत होता, कारण खाली तोंडच नव्हतं. आता खाली पण नळी आणि तिच्यावर झाकणाचं कापड सांगितलंय. लायनर खाली कसा बांधायचा तेवढं मास्तरांनी सांगावं.

मास्तर_पूर्वभाग

लायनरचं खालचं टोक बॅगेच्या खालच्या नळीतून बाहेर ओढायचं आणि आधी एकटा लायनर बांधायचा, मग कापडाची नळी वेगळ्या नाडीनं. दोन्ही एकात बांधले तर सोडताना लायनर आत खेचला जातो आणि माल अडकतो. नाडी सुतळीची नको, सुतळी ओल धरून गाठ घट्ट होते. चपटी विणलेली पट्टी घ्या, पट्ट्यांसारखीच निळी.